क्वेबेक: माणसं निवडायचा हक्क आणि दिलेला शब्द

शिशिरपान

नमस्कार मंडळी,

कॅनडाच्या इमिग्रेशनवर इथे भरपूर धागे आहेत, पण बहुतेक सगळे एक्स्प्रेस एंट्री (केंद्राची निवडपद्धत), सीआरएस स्कोअर (तिच्यातले गुण) आणि टोरांटोभोवती फिरतात. क्वेबेकचं, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच भाषक प्रांताचं, कुणी विचारलं की "तिथे फ्रेंच लागतं, नाद सोडा" म्हणून विषय संपतो. मी बरीच वर्षं तिथल्या माँट्रियल शहरात आहे. एक प्रांत सरकार बाहेरून येणाऱ्यांचा आकडा कसा ठरवतं, माणसं कशी निवडतं, हे जवळून बघत आले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे कायमचं राहायची एक वाट बंद झाली, तेव्हापासून ओळखीतल्या कितीतरी मुलांची झोप उडाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मुळापासून सांगते. १८६७ च्या घटनाकायद्यातलं ९५ वं कलम शेती आणि इमिग्रेशन हे विषय केंद्र आणि प्रांत दोघांकडे ठेवतं. दोघांचे कायदे आडवे आले तर केंद्राचं चालतं. क्वेबेकने या कलमाकडे गांभीर्याने बघायला सुरुवात केली ती शाळांमुळे. साठच्या दशकात फ्रेंच भाषक घरांतला जननदर झपाट्याने खाली आला, आणि त्याच काळात बाहेरून आलेली बहुतेक कुटुंबं मुलांना इंग्रजी शाळेत घालत होती. माँट्रियलच्या साँ-लेओनार भागात इटालियन वस्ती मोठी होती. १९६८ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने नव्याने शाळेत येणाऱ्या मुलांना फ्रेंच माध्यम सक्तीचं करायचं ठरवलं. इटालियन पालक अडून बसले, फ्रेंच संघटना मोर्चे काढू लागल्या, आणि सप्टेंबर १९६९ मध्ये रस्त्यावर दंगल झाली. या वादाच्या ऐन भरात, १९६८ च्या अखेरीस, क्वेबेकने स्वतःचं इमिग्रेशन खातं काढलं. पुढे १९७७ च्या १०१ क्रमांकाच्या कायद्याने बाहेरून येणाऱ्यांच्या मुलांना फ्रेंच शाळा बंधनकारक झाली.

केंद्राशी टप्प्याटप्प्याने करार होत गेले. १९७८ च्या कलन-कुत्यूर कराराने क्वेबेकला स्वतःच्या पॉइंट सिस्टिमने माणसं निवडायचा हक्क मिळाला. १९९१ च्या कराराने तो पक्का झाला आणि आजचा सगळा कारभार त्याच्यावरच चालतो. थोडक्यात, निवड क्वेबेकची, प्रवेश केंद्राचा. नोकरी-शिक्षणाच्या जोरावर येणाऱ्याला क्वेबेक निवडपत्र देतं, ज्याला सगळे सीएसक्यू म्हणतात. ते हातात आल्यावर केंद्र तब्येत, गुन्हेगारी नोंद आणि सुरक्षा तपासून पीआर (कायमचं राहायचा परवाना) देतं. निर्वासित म्हणून इथे येऊन दाद मागणाऱ्यांचा निर्णय मात्र केंद्राकडेच आहे. कॅनडाच्या लोकसंख्येत क्वेबेकचा जेवढा वाटा, तेवढ्या प्रमाणात माणसं घ्यायचा आणि वर पाच टक्क्यांपर्यंत जास्त घ्यायचा हक्कही करारात आहे. नव्या लोकांना भाषा शिकवणं, रुळायला मदत करणं हे काम क्वेबेकचं, आणि त्यासाठी केंद्र दरवर्षी पैसे देतं.

आता नियोजन. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण तो उघड्यावर चालतो. सरकार आधी एक टिपण काढतं, त्यात पर्यायी आकडे असतात. जून २०२५ च्या टिपणात वर्षाला २५ हजार, ३५ हजार आणि ४५ हजार असे तीन पर्याय होते. मग तिथल्या विधानसभेची समिती जाहीर सुनावणी घेते. उद्योजक, कामगार संघटना, नगरपालिका, विद्यापीठं, स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्था लेखी निवेदनं देतात, समोर बसून उत्तरं देतात. कारखानदार म्हणतात माणसं कमी पडतात, कुणी म्हणतं घरं कुठे आहेत, कुणी म्हणतं फ्रेंच शिकवायला शिक्षक कुठे आहेत. त्यानंतर मंत्री विधानसभेत योजना मांडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्री झाँ-फ्राँस्वा रोबेर्ज यांनी २०२६ ते २०२९ साठी वर्षाला ४५ हजार हा आकडा जाहीर केला. त्याआधीच्या दोन वर्षांसाठी ५० हजारांचं लक्ष्य होतं. तात्पुरत्या परवान्यावर राहणारे कामगार आणि विद्यार्थीही या योजनेत प्रथमच धरले आहेत.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. उत्तर अमेरिकेत इंग्रजीने वेढलेल्या ९० लाख लोकांच्या समाजाने आपल्यात कोण येणार हे स्वतः ठरवावं, हे मला पटतं.

दुखणं पुढे आहे. २०१० पासून पीईक्यू नावाची योजना होती. क्वेबेकमध्ये शिका किंवा नोकरी करा, फ्रेंच शिका, मग सीएसक्यू घ्या. त्यात ड्रॉ नव्हता आणि पॉइंट्सची चढाओढही नव्हती. अटी पूर्ण केल्या की निवड. हजारो मुलं ही वाट बघून आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पदवीधरांचा विभाग स्थगित झाला, जून २०२५ मध्ये कामगारांचा, आणि १९ नोव्हेंबर २०२५ ला योजनाच बंद झाली. त्यानंतर एकच दार उरलं, पीएसटीक्यू, म्हणजे पॉइंट्सवर कुशल कामगार निवडायची योजना. तिथे आरिमा या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि आमंत्रणाची वाट बघायची. जी मुलं आधीच इथे होती, फ्रेंचच्या परीक्षा देत होती, त्यांच्यासाठी तेव्हा जुना नियम चालू ठेवला नाही.

माझं म्हणणं एवढंच: नियम बदला, पण पुढे येणाऱ्यांसाठी. ज्याला एक नियम दाखवून बोलावलं, त्याचा अर्ज त्याच नियमाने तपासा. तुम्हाला काय वाटतं?

कोथरूडकर

धन्यवाद ताई, इतकं सलग कुणी सांगितलं नव्हतं. मी मेकॅनिकलवाला, पुण्यात सात वर्षं नोकरी झाली आहे. फ्रेंच शून्य. एका एजंटने सांगितलं की क्वेबेकच्या खासगी कॉलेजात छोटा कोर्स करा, वर्क परमिट मिळेल, मग पीआर. फी ऐकून घरचे गप्प झाले. हे खरं आहे का?

शिशिरपान

कोथरूडकर, आधी त्या एजंटला नाही म्हणून सांगा, बाकीचं नंतर. सरकारी अनुदान नसलेल्या खासगी कॉलेजातून शिकलेल्यांना सप्टेंबर २०२३ पासून अभ्यासक्रमानंतरचं वर्क परमिट मिळत नाही. क्वेबेक आणि केंद्र दोघांनी मिळून २०२२ मध्येच हे जाहीर केलं होतं. त्याआधी अशा काही कॉलेजांनी भारतातून, विशेषतः पंजाब-हरियाणातून, ढिगाने मुलं आणली. जानेवारी २०२२ मध्ये तीन कॉलेजांनी दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं आणि फी भरलेली मुलं अधांतरी राहिली. सहा पायऱ्यांचा जिना दाखवून आतल्या तीन पायऱ्या काढून टाकलेल्या, असा तो कारभार होता. फ्रेंचबद्दल खाली सविस्तर लिहिते.

प्रेअरीवारा

मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगहून. बाकीच्या प्रांतांची पद्धत वेगळी आहे, तिची इथे भर घालतो, कारण तुलना केली की क्वेबेकच्या हातात किती मोठी गोष्ट आहे ते कळतं.

मॅनिटोबाकडे १९९० च्या दशकात माणसं येत नव्हती. येणारा प्रत्येक जण टोरांटो नाहीतर व्हँकुव्हर गाठायचा. १९९६ मध्ये केंद्राशी करार झाला आणि १९९८ पासून प्रांताला स्वतः उमेदवार सुचवायची सोय मिळाली. हाच पीएनपी. मॅनिटोबाने यात एक शहाणपण केलं. नुसते पॉइंट्स न मोजता 'तुझं इथे कोण आहे' हे विचारलं. जवळचा नातेवाईक, मित्र, इथलं आधीचं शिक्षण किंवा इथली नोकरी यापैकी काही असलं पाहिजे, म्हणजे माणूस टिकतो. विंकलर आणि स्टाइनबाख ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची गावं. मूळची सोव्हिएत प्रदेशातली, मग जर्मनीत गेलेली मेनोनाइट कुटुंबं या वाटेने तिथे आली आणि गावं वाढली. फिलिपिनो समाजही असाच नात्यागोत्याने इथे वाढला.

पण एकूण किती जणांची नावं सुचवायची, हे केंद्र सांगतं. २०२५ साठी केंद्राने पीएनपीच्या देशभरातल्या जागा एक लाख दहा हजारांवरून ५५ हजारांवर आणल्या. मॅनिटोबाचा कोटा ९,५०० वरून ४,७५० झाला. प्रांताने भांडून तो ६,२३९ पर्यंत वाढवून घेतला. ज्यांनी प्रांताच्या भरवशावर इथे वर्क परमिटवर वर्षं काढली, त्यांचं काय करायचं हा प्रश्न आमच्याकडेही तोच. फरक एवढाच की आमचे मंत्री ओटावाकडे, म्हणजे केंद्राकडे, बोट दाखवू शकतात. क्वेबेकला तसं करता येत नाही, आकडा त्यांचा स्वतःचा आहे.

सरळरेघ

मी धागाकर्तीशी सहमत नाही.

तात्पुरता परवाना हा तात्पुरताच असतो. परवाना देताना कोणत्याही सरकारने 'तुम्हाला कायमचं ठेवू' असं लिहून दिलेलं नसतं. पीईक्यू ही योजना होती, करार नव्हता. लोकशाहीत निवडून आलेलं सरकार योजना बदलतं, त्यासाठीच लोक त्याला निवडतात. क्वेबेकमध्ये तात्पुरत्या परवान्यावरची माणसं पाच लाखांच्या वर गेली. घरभाडी वाढली, शाळांत वर्ग अपुरे पडले. आधीपासून असलेल्या प्रत्येकाला जुना नियम लावायचा म्हटलं तर पुढची कित्येक वर्षं ४५ हजार हा आकडा नुसता कागदावर राहील. मग नियोजन करायचं कशाला?

शिवाय पीएसटीक्यूत या मुलांना मज्जाव नाही. तिथल्या पॉइंट्समध्ये क्वेबेकची पदवी, क्वेबेकमधला अनुभव, फ्रेंच सगळं मोजलं जातं. माँट्रियल महानगराच्या बाहेर राहिलेल्यांना वेगळे पॉइंट्स आहेत. मला तर ही पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण प्रांताला ज्याची गरज आहे तो वर येतो.

शिशिरपान

सरळरेघ, मुद्दा नीट मांडलात म्हणून नीट उत्तर देते.

करार नव्हता हे खरं. पण सरकार स्वतः परदेशात मेळावे भरवतं, संकेतस्थळावर 'शिका, काम करा, राहा' अशी वाट दाखवतं, आणि त्यावर विसंबून पंचविशीतला मुलगा घरचं कर्ज काढून येतो. कोर्टात टिकेल असा तो करार नसेल, पण शब्द तर आहे.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही, म्हणून जास्त लागतं. २०१९ मध्ये ९ क्रमांकाच्या विधेयकाने जुन्या पद्धतीतले सुमारे १८ हजार प्रलंबित अर्ज एका फटक्यात रद्द केले. फी परत दिली. पण त्यातल्या काहींनी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, आणि काही जण तेव्हा इथेच राहत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पीईक्यूसाठी मोजक्याच विषयांची यादी आली, आधीच शिकत असलेल्यांनाही लागू. विद्यार्थी विधानसभेत जाऊन बोलले, काहींना रडू आवरेना. सरकारने आधी इथे असलेल्यांना सूट दिली आणि दोन दिवसांत सगळाच बदल मागे घेतला. २०२० मध्ये अटी कडक केल्या तेव्हाही आधीपासून असलेल्यांसाठी वेगळी सोय ठेवली. म्हणजे असं करता येतं हे याच सरकारने दाखवलेलं आहे. आकडा फुगेल म्हणता, तर आधीच्यांसाठी मुदत ठरवा, दोन वर्षांत संपवा. २०२४ च्या योजनेत पीईक्यूचे पदवीधर ५० हजारांच्या बाहेर मोजले होते. म्हणजे वेगळं मोजायची रीतही आहे.

पॉइंट्सबद्दल तुम्ही बरोबर आहात, पद्धत म्हणून पीएसटीक्यू वाईट नाही. पण पीईक्यूत 'एवढं केलं की झालं' हे माहीत असायचं. आमंत्रणाच्या पद्धतीत सगळं करूनही आपला नंबर लागेल का ते कळत नाही. ज्याचं वर्क परमिट चार महिन्यांत संपणार आहे, त्याला हा फरक फार मोठा असतो.

अबोली

क्वेबेकमधल्या शेरब्रुकमध्ये असते, रुग्णालयात नोकरी. मला या विषयातली शिकवण्याची बाजू सांगायची आहे, ती कुणी बोलत नाही.

मी संध्याकाळच्या फ्रान्सिझासियाँच्या, म्हणजे नव्याने आलेल्यांना फ्रेंच शिकवण्याच्या, वर्गाला जायचे. हे वर्ग फुकट असतात. वर्गात कोलंबियाच्या दोघी नर्स, डुकरांच्या फार्मवर काम करणारा ग्वातेमालाचा एक जण, युक्रेनमधलं जोडपं आणि मी. बाई फोनवरचं बोलणं करून घ्यायच्या: दवाखान्याची वेळ मागायची, घरमालकाला हीटर चालत नाही म्हणून सांगायचं, शाळेत मूल आजारी आहे हे कळवायचं. समोरासमोर हातवारे करून निभतं, फोनवर निभत नाही, म्हणून त्यांचा हट्ट फोनचाच. तो ग्वातेमालाचा दिवसभर उभं राहून यायचा आणि बाकावर बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायचे. बाई त्याला उठवायच्या नाहीत. शेवटची दहा मिनिटं फक्त त्याच्यासाठी ठेवायच्या.

या वर्गांसाठी जून २०२३ मध्ये फ्रान्सिझासियाँ क्वेबेक नावाची एक खिडकी उघडली, सगळी नोंदणी तिथूनच. आणि २०२४ च्या शरदात निधी संपला म्हणून अनेक शाळांतले वर्ग मधेच बंद पडले. फ्रेंच येणाऱ्यालाच निवडू म्हणायचं, आणि जो शिकायला तयार आहे त्याचा वर्ग बंद करायचा, हे कसं चालेल? शिशिरपानने शब्द पाळण्याचं लिहिलं आहे, त्यात मी हेही धरते.

गोदाकाठ

वाचताना सारखा महाराष्ट्र डोळ्यासमोर येतो. आपल्याकडे राज्याला कोण आत येणार हे ठरवताच येत नाही. घटनेच्या १९ व्या कलमाने भारतभर कुठेही राहायचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. रिक्षा परवान्यासाठी मराठी बोलता आलं पाहिजे अशी अट आली, ती २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. क्वेबेकसारखा अधिकार असता तर मुंबईत मराठीची ही अवस्था झाली नसती असं वाटतं.

शिशिरपान

गोदाकाठ, भावना मलाही कळते, मी गिरगावातली आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. क्वेबेकसुद्धा ओंटारियोतून येणाऱ्या कॅनडाच्या नागरिकाला अडवू शकत नाही. देशांतर्गत फिरायचा हक्क त्यांच्याही सनदेत आहे. सीएसक्यू लागतं ते परदेशातून येणाऱ्याला. आणि पीआर मिळाल्यावर तोही उद्या व्हँकुव्हरला गेला तर क्वेबेक काही करू शकत नाही, असे पुष्कळ जातातही.

म्हणजे आपल्या कामाचं जे आहे ते दारावर नाही, दाराच्या आत आहे. १०१ क्रमांकाच्या कायद्याने मुलांची शाळा फ्रेंच केली, म्हणून आज साँ-लेओनारमधली इटालियन, अल्जेरियन, हैतीयन मुलं मैदानात एकमेकांशी फ्रेंच बोलतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला आहे. अबोली म्हणते तसे वर्ग, मोठ्यांसाठी, फुकट, संध्याकाळी, कल्याण-भिवंडी-चाकणमध्ये चालवायला कोणतंही कलम आडवं येत नाही. येणाऱ्याला मराठी शिकायची असते, पण कुठे शिकायची ते कुणी सांगत नाही, हे मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे.

सांजवेळ

माझा प्रश्न थोडा बाजूचा. नवरा माँट्रियलमध्ये नोकरी करतो, आमचं पीआर झालं आहे. सासू-सासऱ्यांना कायमचं आणायचं आहे. हेही क्वेबेक ठरवतं का?

शिशिरपान

कोण नातेवाईक धरायचे हे केंद्र ठरवतं, पण त्यांना सांभाळायची हमी क्वेबेककडे द्यावी लागते. ती मंजूर झाल्याशिवाय केंद्राकडची फाइल पुढे जात नाही. जून २०२४ मध्ये क्वेबेकने दोन वर्षांसाठी १३ हजार हमी-अर्जांची मर्यादा घातली: १०,४०० नवरा-बायको-जोडीदार आणि १८ वर्षांवरच्या अवलंबित मुलांसाठी, २,६०० आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी. जोडीदारांचा कोटा मुदतीच्या कितीतरी आधी, जुलै २०२५ मध्ये संपला. आई-वडिलांसाठी केंद्राचं आमंत्रणही आधी लागतं. तोवर आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर आणा, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि त्याला क्वेबेकची हमी लागत नाही. आरोग्य विमा मात्र चांगला काढा.

ही मर्यादा मला नोकरीवाल्यांच्या आकड्यापेक्षाही जास्त खटकते. लग्नाचा जोडीदार हा काही कामगारांच्या तुटवड्याचा हिशेब नाही.

सरळरेघ

जोडीदारांच्या बाबतीत पूर्ण सहमत. २०१९ आणि २०२० चे दाखलेही वजनदार आहेत. मुदत ठरवून जुन्यांना संपवायचं, हा मार्ग मला मान्य होण्यासारखा आहे, पण ती मुदत योजना बंद करतानाच जाहीर व्हायला हवी होती. नंतर मागून मिळाली तर आधीच परत गेलेल्यांना तिचा काय उपयोग?

प्रेअरीवारा

अगदी हेच. आमच्याकडचे दोघे गेल्या उन्हाळ्यात परत गेले. एक बेकरीत, एक ट्रक दुरुस्तीत. दोघांचेही मालक ठेवायला तयार होते.

शिशिरपान

कोथरूडकर, तुमचं राहिलं होतं.

तुमच्या कामासाठी पीएसटीक्यूचा पहिला विभाग बघा, उच्च शिक्षण आणि विशेष कौशल्यांचा. पण इंजिनिअर हा इथे नियमन असलेला, म्हणजे परवाना लागणारा व्यवसाय आहे, त्यासाठी तिसरा विभाग आहे. तुमचं काम नेमकं कशात बसतं ते आधी तपासा, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पहिल्या विभागात बोलण्या-ऐकण्याला क्वेबेकच्या मोजपट्टीवर सातवी पातळी आणि लिहिण्या-वाचण्याला पाचवी लागते. सातवी म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर (ए-वन ते सी-टू) साधारण बी-टू. पत्नीला बोलण्या-ऐकण्यात चौथी असावी. पुण्यात आलियाँस फ्राँसेज आहे, तिथे ए-वनपासून सुरू करा. नोकरी सांभाळून बी-टूपर्यंत जायला दीड-दोन वर्षं धरा. परीक्षा टीसीएफ किंवा टीईएफ, क्वेबेकसाठीची.

आरिमात नोंदणीला पैसे पडत नाहीत. नोंद बारा महिने चालते, आमंत्रण आलं की ६० दिवसांत अर्ज आणि कागदपत्रं द्यावी लागतात, म्हणून पदवीची प्रमाणपत्रं, अनुभवपत्रं आणि त्यांची मान्यताप्राप्त भाषांतरं आधीच तयार ठेवा. क्वेबेकच्या मूल्यांची छोटी ऑनलाइन परीक्षा असते, तिची धास्ती घेऊ नका.

नोकरी सोडू नका. आणि अभ्यास करताना रेडिओ-कॅनडा ही इथली फ्रेंच वाहिनी ऐका, पॅरिसच्या फ्रेंचवर तयार झालेला कान इथे पहिले काही महिने गोंधळतो. बी-वन झालं की धाग्यावर कळवा, मग प्रोफाइल एकत्र बसून बघू.